फोटो शार्प करायचाय, पण 'केलाय' असं दिसायला नको

पत्र: "दादा, मी हौस म्हणून फोटो काढते. मिररलेस कॅमेरा आहे, रॉमध्ये काढते आणि लाइटरूममध्ये एडिट करते. आजोबांचा एक जवळून काढलेला फोटो होता आणि एक सुकलेल्या झाडावर बसलेल्या घारीचा. दोन्हीला शार्पनिंग जवळजवळ पूर्ण ताणलं, वर क्लॅरिटी आणि टेक्स्चर पण वाढवलं. मोबाइलवर एकदम कडक दिसत होते. मग लॅपटॉपवर मोठे करून पाहिले तर घारीभोवती आणि फांद्यांभोवती पांढरी रेघ, आकाशात रवाच रवा, आणि आजोबा स्वतःचा फोटो बघून म्हणाले, 'अगं, मी एवढा सुरकुतलोय का?' मला फार वाईट वाटलं. नक्की आकडा किती ठेवायचा? आजोबांची १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढायचीये आणि तोच फोटो ऑनलाइनही टाकायचाय, दोन्हीला वेगळं शार्पनिंग लागतं का? आणि भाच्याचा एक फोटो हललाय, तो एआयवाल्या अ‍ॅपने वाचेल का?"

आकडे देतो, पण आधीच सांगतो की दोन्ही फोटोंना एकच आकडा लावलास तर परत तेच होणार, कारण घारीच्या फोटोत जे टोकदार दिसायला हवं ते पिसं आणि चोच आहे आणि आजोबांच्या फोटोत डोळे, भुवया, मिशा आहेत, गाल नाहीत. तू 'किती' विचारलंयस, पण खरी गडबड 'कुठे' मध्ये झालीये. स्लायडर ताणला की तो अख्ख्या फोटोवर सारखाच चालतो, आकाशावर पण, गालावर पण, मागच्या धूसर भिंतीवर पण, आणि या सगळ्या जागा अशा आहेत की तिथे मऊपणाच चांगला दिसतो.

शार्पनिंग नेमकं काय करतं ते एकदा नीट समजून घे म्हणजे ती पांढरी रेघ कुठून आली ते लगेच कळेल. फोटोत नसलेला तपशील ते आणत नाही, ते फक्त कडेचा कॉन्ट्रास्ट वाढवतं. समज आकाशाच्या पिक्सेलचा उजेड २०० आहे आणि फांदीचा ६०. जिथे दोघं भेटतात तिथे सॉफ्टवेअर काय करतं, फांदीला चिकटलेले आकाशाचे पिक्सेल २०० वरून २३० वर नेतं आणि आकाशाला चिकटलेले फांदीचे पिक्सेल ६० वरून ३० वर आणतं. फरक १४० चा होता तो तेवढ्या पट्ट्यात २०० चा झाला, म्हणून डोळ्याला कड टोकदार वाटते. हा पट्टा पिक्सेलभर रुंद असला की तो वेगळा दिसत नाही, नुसती फांदी छान कापल्यासारखी दिसते. पण तोच तीन-चार पिक्सेलचा झाला, किंवा २३० ऐवजी थेट २५५ ला जाऊन टेकला, की मग तो पट्टा म्हणूनच दिसायला लागतो, आणि तीच तुझी पांढरी रेघ. याला हॅलो म्हणतात. तू स्वतः करून बघ, घारीचा फोटो २०० टक्क्यांवर उघड, पंखाची कड आणि आकाश जिथे भेटतं तिथे जा आणि अमाउंट, म्हणजे शार्पनिंगचा जोर, हळूहळू वर ने, आतल्या बाजूला काळी आणि बाहेरच्या बाजूला पांढरी अशा दोन रेघा जोडीने उगवताना दिसतील.

म्हणून मला विचारशील तर अमाउंटपेक्षा रेडियसला जास्त जप. पट्टा किती रुंद होणार ते रेडियस ठरवतो. लाइटरूममध्ये तो ०.५ ते ३.० असतो आणि सुरुवातीला १.० वर असतो. पिसं, गवत, केस, कापडाची वीण असलं बारीक काम असेल तर ०.७-०.८ वर आण, चेहऱ्याला १.० ते १.३ चालतो, आणि २ च्या पुढे जायची वेळ माझ्या मते जवळजवळ येतच नाही. रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलला, लाइटरूम आपणहून अमाउंट ४०, रेडियस १.०, डिटेल २५ आणि मास्किंग ० असं लावून ठेवतं, म्हणजे तू हात लावायच्या आधीच थोडं शार्पनिंग झालेलं असतं आणि ते लागतंच, कारण सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढावे लागतात, त्यात कडा जराशा मवाळ होतात. तेवढा मवाळपणा भरून काढणं हे पहिलं काम. कॅमेऱ्यातून थेट जेपेग घेतलास तर हे काम कॅमेऱ्यानेच केलेलं असतं, मोबाइलच्या फोटोत तर बऱ्यापैकी जास्तच केलेलं असतं, त्यामुळे त्यावर परत रॉइतकं शार्पनिंग चढवलं की फोटो लगेच करकरीत दिसायला लागतो.

आता आजोबांचा फोटो. इथे मला वाटतं शार्पनिंगपेक्षा क्लॅरिटी आणि टेक्स्चरनेच जास्त घोळ घातलाय. क्लॅरिटी मधल्या टोनचा कॉन्ट्रास्ट वाढवते आणि ती मोठ्या पट्ट्यावर काम करते, त्यामुळे सुरकुतीच्या खोबणीतली सावली गडद होते आणि शेजारचा उंचवटा उजळतो, म्हणजे सुरकुती आहे त्यापेक्षा खोल दिसते. टेक्स्चर त्याहून बारीक गोष्टी पकडतं, रंध्रं, डाग, दाढीचे खुंट. या दोन्हींवर शार्पनिंग आलं की तीन वेगवेगळ्या मापांचा कॉन्ट्रास्ट एकाच गालावर चढतो. आजोबांना जे दिसलं ते खरंच फोटोत होतं, त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. तर क्लॅरिटी आणि टेक्स्चर दोन्ही आधी शून्यावर आण. सुरकुत्या पुसायच्या मात्र नाहीत हां, चेहरा त्यांचाच राहिला पाहिजे, म्हणून टेक्स्चर मायनसमध्ये नेऊन गुळगुळीत करायच्या भानगडीत पण पडू नकोस.

मग डिटेल पॅनलमध्ये मास्किंगच्या स्लायडरवर जा आणि ऑल्ट दाबून धरून तो सरकव, मॅक असेल तर ऑप्शन. स्क्रीन काळी-पांढरी होते. पांढरं दिसतं तिथे शार्पनिंग लागणार, काळं दिसतं तिथे नाही लागणार. शून्यावर सगळं पांढरं असतं, म्हणजे आत्ता तुझ्या फोटोत गाल, कपाळ, भिंत सगळ्याला लागतंय. हळूहळू उजवीकडे ने, आधी भिंत काळी होईल, मग कपाळ, मग गाल, आणि ७० ते ८५ च्या आसपास कुठेतरी फक्त पापण्या, बुबुळाची कड, भुवया, मिशा, चष्मा असेल तर त्याची फ्रेम आणि सदऱ्याची कॉलर एवढंच पांढरं उरेल. तिथे थांब. आता अमाउंट ४५-५० केलंस तरी गालाला धक्का लागत नाही. डिटेल १०-१५ वर ठेव, कारण तो वाढवला की बारीक पोत आणि नॉइज दोन्ही वर येतात, आणि चेहऱ्याला ते नकोच असतं. एवढं करून डोळे अजून थोडे हवे वाटले तर मास्कमधला ब्रश घेऊन फक्त बुबुळांवर शार्पनेस १५-२० ने वाढव. दोन्ही डोळ्यांवर सारखंच लावू नकोस, जो डोळा फोकसमध्ये आहे त्याच्यावर जास्त आणि लांबच्या डोळ्यावर कमी, नाहीतर लेन्सने जी खोली दिली असते ती सपाट होते.

घारीच्या फोटोत काम उलट्या बाजूने कर. आकाशातला रवा म्हणजे नॉइज, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) जास्त असेल तर तो असतोच, आणि शार्पनिंगला रवा कुठला आणि पीस कुठलं ते कळत नाही, त्याला दोन्हीकडे फक्त फरक दिसतो आणि तो फरक वाढवतं. म्हणून आधी नॉइज कमी कर, मग शार्पनिंग, हा क्रम सोडू नकोस. नॉइज पण सगळा घासून काढू नकोस, पिसांचा पोत निघून जातो आणि मग तो परत आणायला आपण शार्पनिंग वाढवतो आणि पक्षी मेणाचा दिसायला लागतो. थोडा रवा राहिला तर राहू दे. मग अमाउंट ५० ते ६०, रेडियस ०.७ ते ०.८, डिटेल ३५-४०, मास्किंग ऑल्ट दाबून असं की आकाश पूर्ण काळं झालं पाहिजे आणि पिसं पांढरी राहिली पाहिजेत. तरी आकाशात रवा राहिलाच तर फक्त आकाश निवडणारा स्काय मास्क घे आणि त्यात शार्पनेस मायनस कर, तिथलं शार्पनिंग उतरतं. पंखाच्या कडेला मास्क कसा बसलाय ते मोठं करून बघ, कधी कधी तो पिसांच्या टोकांवर चढतो आणि मग टोकं मऊ पडतात.

बघायचं कसं हे पण सांगतो, कारण निम्म्या लोकांचं इथेच बिनसतं. अख्खा फोटो स्क्रीनवर मावेल असा ठेवून शार्पनिंग ठरवू नकोस, तेव्हा स्क्रीन लाखो पिक्सेल गाळून दाखवत असते. १०० टक्के म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, तिथे ठरव. मोबाइलवर कडक दिसलं ते याचमुळे, एवढ्याशा स्क्रीनवर रेघा आणि रवा दोन्ही दबून गेले. दुसरं असं की आपल्या डोळ्याला कडा स्वतःहून ठळक करायची सवय असते, गडद आणि फिकट पट्टे शेजारी आले की सीमेवर नसलेली काळी आणि पांढरी रेघ आपल्याला दिसते, एर्न्स्ट माख नावाच्या शास्त्रज्ञाने हे १८६५ मध्येच मांडलं होतं. म्हणजे डोळा आपलं काम करतोच आहे आणि त्यावर आपण आपलं चढवतोय. शिवाय डोळा फार पटकन सरावतो, १० मिनिटं एकाच फोटोकडे टक लावून बसलं की मघाशी शार्प वाटलेला फोटो आता बोथट वाटतो आणि हात परत स्लायडरकडे जातो. मी अमाउंट मुद्दाम जास्त नेतो, रेघ दिसायला लागेपर्यंत, आणि मग ती दिसेनाशी होईपर्यंत मागे आणतो आणि अजून थोडं मागे, आणि फोटो तसाच सोडून दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो. डिटेल पॅनलचं बटन बंद-चालू करून बघायचं, बंद केल्यावर 'काहीतरी गेलं' असं वाटलं पाहिजे, पण चालू असताना काय वाढवलंय ते बोट ठेवून सांगता यायला नको.

फोटोशॉप वापरणार असशील तर तिथे हाय पास, म्हणजे फक्त कडा वेगळ्या काढणारं फिल्टर, वापर, मला चेहऱ्यांसाठी ते जास्त आवडतं कारण हाताने जागा निवडता येते. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, कॉपी कर, फिल्टरमध्ये अदरच्या आत हाय पास, रेडियस इतकाच की करड्या रंगात फक्त कडांच्या पुसट रेघा दिसतील, एक ते दोन पिक्सेल, त्यात चेहरा ओळखता यायला लागला की जास्त झालं. मग ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट किंवा ओव्हरले, त्या लेयरला काळा मास्क लाव आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त जिथे हवं तिथे रंगव. अनशार्प मास्क (नाव उलटं वाटलं तरी ते शार्पनिंगचंच फिल्टर आहे) वापरलंस तर ते कॉपी केलेल्या लेयरवर लाव आणि लेयरचा मोड लुमिनॉसिटी कर म्हणजे फक्त उजेडाला शार्पनिंग लागतं, रंगाला नाही, नाहीतर लाल कपड्याच्या कडेला विचित्र रंगीत किनार येते. त्यातल्या थ्रेशोल्डकडे लोक बघत पण नाहीत, पण दोन पिक्सेलमध्ये किती फरक असला तर त्याला कड म्हणायचं ते तो ठरवतो, ३-४ ठेवला तरी आकाश आणि त्वचा बऱ्यापैकी वाचते. गिंप फुकट आहे आणि त्यात हे दोन्ही आहे, फक्त शार्पनचा रेडियस तिथे सुरुवातीला ३ असतो तो १ च्या जवळ आण, बाकी सगळं तेच. मोबाइलच्या स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये डिटेल्सच्या आत स्ट्रक्चर आणि शार्पनिंग असे दोन असतात, स्ट्रक्चर जपून वापर, चेहऱ्यावर तो क्लॅरिटीसारखाच वागतो.

प्रिंट आणि ऑनलाइन, हो, दोघांना वेगळं लागतं, पण वेगळं म्हणजे आत्तापर्यंत केलेलं सगळं परत करायचं असं नाही. वर सांगितलं ते मूळ फाइलवर एकदाच करायचं आणि तिला परत हात लावायचा नाही. शेवटचा थोडासा हात फाइल बाहेर काढताना, साइज ठरल्यावर. तुझा फोटो २४ मेगापिक्सेलचा असेल तर तो ६००० बाय ४००० पिक्सेल असणार, ऑनलाइनसाठी तो २००० पिक्सेल रुंद केलास की जुन्या ९ पिक्सेलचा मिळून १ नवीन पिक्सेल बनतो, त्या सरासरीत कडा मऊ पडतात, म्हणून लहान केल्यानंतर अगदी हलकं शार्पनिंग. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये आउटपुट शार्पनिंग असतं, तिथे स्क्रीन निवड आणि लो किंवा स्टँडर्ड ठेव, हाय नको. आणि लक्षात घे की ऑनलाइन टाकलेला फोटो तिथे परत दाबला जातो, जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून काम करतं, आकाशात रवा आणि कडांना रेघा ठेवल्यास की त्या दाबण्यात तेच चौकोन आणि कडेभोवतीची घाण वर येते. स्वच्छ आकाशाचा फोटो दाबल्यावर पण बरा दिसतो.

प्रिंटचं उलट असतं. शाई कागदात थोडी पसरते, मॅट कागदावर जास्त आणि ग्लॉसीवर कमी, त्यामुळे स्क्रीनवर जेवढं बरोबर वाटतं त्यापेक्षा किंचित जास्त लागतं. एक्सपोर्टमध्ये मॅट पेपर किंवा ग्लॉसी पेपर असं निवडता येतं, कागद कुठला ते प्रिंट करणाऱ्याला आधी विचार आणि तेही विचार की त्यांच्याकडचं मशीन आपणहून शार्पनिंग लावतं का, लावत असेल तर बंद करायला सांग, नाहीतर दोनदा लागतं. १२ बाय १८ ला ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तुझ्याकडे त्याहून जास्त आहेत, म्हणजे क्रॉप फार केला नसशील तर फोटो मोठा करायची गरजच नाही. अख्खी प्रिंट काढायच्या आधी फक्त डोळे आणि नाकाचा भाग त्याच मापात कापून लहान कागदावर काढून बघ, आणि ती भिंतीवर लावून हातभर लांबून बघ, नाकाला चिकटवून नको.

भाच्याच्या फोटोचं जरा स्पष्ट बोलतो. मऊ आणि हललेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मऊ फोटोत कड जागेवर असते, फक्त पसरलेली असते, ती शार्पनिंगने सावरते. हललेल्या फोटोत तीच कड दोन-चार ठिकाणी उमटलेली असते, तिथे कॉन्ट्रास्ट वाढवला की चारही कडा ठळक होतात आणि फोटो आधीपेक्षा वाईट दिसतो. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर निवडून कोन देता येतो, कॅमेरा एकाच दिशेने अगदी थोडा हलला असेल तर थोडीफार मदत होते. पण पोरगं हललं असेल तर हात एका दिशेने, डोकं दुसरीकडे, भिंत जागेवर, तिथे एक कोन देऊन काहीच होत नाही. एआयवाली अ‍ॅप्स काय करतात तर त्या जागी साधारण कसा डोळा, कशा पापण्या असतील त्याचा अंदाज बांधून तिथे नवीन काढतात. पिसांना, पानांना, विटांना ते खपून जातं, घरच्या माणसाच्या चेहऱ्याला नाही खपत. दात जरा वेगळे, पापण्या कुणाच्या तरी दुसऱ्याच, आणि ज्यांनी त्या पोराला रोज बघितलंय त्यांना लगेच खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. वापरायचंच असेल तर जोर सगळ्यात कमी ठेव, वेगळ्या लेयरवर घे, ओपॅसिटी निम्मी कर आणि चेहऱ्यावरून पुसून फक्त कपड्यांवर ठेव. माझं मत विचारशील तर तो फोटो आहे तसा ठेव आणि लहान साइजमध्ये वापर, लहान केल्यावर हलणं पण लहान होतं. ब्लॅक अँड व्हाइट करून बघ, त्यात हललेला फोटो बरेचदा चालून जातो.

पुढच्या वेळी भाचा पळत असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस आणि त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू दे, रवा नंतर कमी करता येतो. माणूस स्थिर बसला असेल तर शटर निदान १/फोकल लेंग्थ (लेन्सचं एमएममधलं माप), म्हणजे ८५ एमएमला १/१०० सेकंदाच्या आसपास, फोकस जवळच्या डोळ्यावर, आणि सगळंच शार्प हवं म्हणून एफ/२२ लावू नकोस, तिथे लेन्सचं भोक इतकं बारीक होतं की त्यातून जाताना प्रकाश पसरतो (याला डिफ्रॅक्शन म्हणतात) आणि सगळाच फोटो मऊ पडतो. आणि लेन्स पुसून घे, बोटाचा तेलकट ठसा असला तरी फोटो धुरकट येतो आणि आपण मात्र लाइटरूममध्ये स्लायडर सरकवत बसतो.